कर्करोगासाठी लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवावेत का? आणि मागावं काय?

रानजाई

आमच्या रुग्ण-नातेवाइकांच्या गटात सध्या एकच वाद चालू आहे. शिष्टमंडळ घेऊन लोकप्रतिनिधींना भेटायचं आणि कर्करोगाचा प्रतिबंध, तपासणी व उपचार यांसाठी कायदा आणि पैसा मागायचा, असा प्रस्ताव आहे. निम्म्यांना तो पटलाय. उरलेले म्हणतात, हे आपलं काम नव्हे, तज्ज्ञ काय ते ठरवतील. मी जाण्याच्या बाजूची आहे.

आपण गेलो नाही म्हणजे तिथे कुणीच जात नाही, असं थोडंच आहे? तंबाखू कंपन्यांची माणसं तिथे पिढ्यानपिढ्या जातायत. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास १९५० साली छापून आले. सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी करणारा पहिला देश आयर्लंड, आणि साल २००४. मधल्या काळात पुरावा कमी नव्हता, त्याच्या बाजूने भांडणारे कमी होते. जागतिक तंबाखू नियंत्रण करारात तर ५.३ हे कलमच आहे: आरोग्यधोरण ठरवताना तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून ते जपा. असं कलम उगाच घालत नाहीत.

दुसरं म्हणजे प्रतिबंधाला वाली नसतो. नव्या औषधामागे कंपनी असते, यंत्रामागे विक्रेता असतो. लस मिळाल्यामुळे जिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झालाच नाही, तिला ते कधी कळतही नाही. ती कुठून येणार निवेदन द्यायला? आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्यासारखे आहेत. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत.

अमेरिकेत १९७१चा राष्ट्रीय कर्करोग कायदा आला त्याआधी एका वृत्तपत्रीय सल्ला-सदराच्या लेखिकेने वाचकांना आवाहन केलं होतं की आपापल्या सिनेटरला पत्र लिहा. लाखो पत्रं गेली. वर्ष संपायच्या आत कायद्यावर सही झाली. ती पत्रं लिहिणारे काही तज्ज्ञ नव्हते.

मोजपट्टी

पूर्ण असहमत. लाखो पत्रांनी कायदा होतो हे खरंच, आणि मला भीती त्याचीच वाटते.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे सरकारी आरोग्यसेवेत कुठलं औषध द्यायचं हे खर्च आणि फायदा ताडून 'नाइस' ही संस्था ठरवते. तिने काही महागडी कर्करोगाची औषधं नाकारली. वर्तमानपत्रांत रुग्णांचे फोटो आले, गदारोळ झाला, २०१०च्या निवडणुकीत आश्वासन दिलं गेलं आणि २०११ मध्ये फक्त कर्करोगाच्या औषधांसाठी वेगळा निधी उभा राहिला. २०१६ पर्यंत त्यावर सव्वा अब्ज पौंडांच्या वर खर्च झाला. मग अभ्यासकांनी हिशेब मांडला: निधीने मान्य केलेल्या औषधांच्या ४७ उपयोगांपैकी फक्त १८ मध्ये आयुष्य वाढल्याचा ठोस पुरावा होता, आणि त्यातही मध्यक वाढ ३.१ महिने. तो पैसा मूत्रपिंडाच्या रुग्णांकडून, मनोरुग्णांकडून, बाळंतिणींकडून आला म्हणायचं. त्यांच्या शिष्टमंडळांचे फोटो छापून आले नव्हते.

आजारवार रांगा लावल्या की ज्याचा आजार जास्त हृदयद्रावक त्याला पैसा. याला धोरण म्हणायचं?

रानजाई

@मोजपट्टी, तुमचं उदाहरण शेवटच्या टप्प्यातल्या औषधांचं आहे. मी लस, तंबाखूवरचा कर आणि तपासणी म्हणतेय. तंबाखूवर कर वाढवायला तिजोरीतून काही जात नाही, उलट भर पडते. तुमची बाळंतीण त्यातही उपाशी राहते का?

मोजपट्टी

कर घ्या, माझी ना नाही. पण 'तपासणी' हा शब्द तुम्ही फार सहज टाकलात. दक्षिण कोरियात सरकारी तपासणी मोहीम सुरू झाल्यावर तिच्या जोडीला दवाखान्यांनी थोड्या पैशांत मानेची सोनोग्राफीही द्यायला सुरुवात केली. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं होतं. मृत्यूंचं प्रमाण? जिथल्या तिथे. म्हणजे ज्या गाठींनी आयुष्यभर काही केलं नसतं त्या शोधून हजारोंच्या ग्रंथी काढल्या, आणि ती माणसं जन्मभर गोळ्यांवर आली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे विरोध केला, तेव्हा कुठे शस्त्रक्रिया घटल्या.

तपासणीला 'नको' म्हणणारा लोकप्रतिनिधी निवडून येत नाही. म्हणूनच हा निर्णय त्याच्या हातात नको.

तळटीप

मोजपट्टींच्या मुद्द्याला पूरक. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की ४० ते ४९ वयाच्या बायकांची सरसकट मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) नको, प्रत्येकीने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. एवढा आरडाओरडा झाला की सिनेटने डिसेंबरात दुरुस्ती मंजूर केली, आणि नव्या आरोग्य कायद्यात विम्यापुरतं चक्क लिहून ठेवलं की स्तनाच्या तपासणीबाबत नोव्हेंबरातली ती शिफारस धरायची नाही. शास्त्रीय शिफारशीला कायद्याने गैरहजर ठरवलं! मला तरी हसावं की रडावं कळलं नव्हतं.

रानजाई

आणि पुढचं सांगायचं राहिलं का? त्याच समितीने २०२४ मध्ये चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस केली. मधल्या वर्षांत चाळिशीतल्या बायकांना ती विम्यातून विनाशुल्क मिळाली, ती त्या 'आरडाओरड्या'मुळे.

तळटीप

सांगायचं राहिलं नाही, मला ते वेगळं दिसतं. समितीने २०२४ मध्ये मत बदललं ते नव्या आकडेवारीवर आणि गणिती प्रारूपांवर. सिनेटने २००९ मध्ये ठरवलं ते फोनच्या संख्येवर. उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही.

शेवटचा बाक

तुमचं शास्त्र विरुद्ध राजकारण चालू द्या. मी स्वतः उपचार घेतलेली आहे, म्हणून एक कोरडी गोष्ट विचारते: तपासणीत गाठ सापडली, पुढे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला की गरीब, विमा नसलेल्या बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी खर्चाने करायची. उत्तम. पण त्या पैशातून उपचार करायची सोय नव्हती. म्हणजे तुम्हाला कर्करोग आहे हे फुकटात सांगायचं, आणि मग शस्त्रक्रियेसाठी कुणाकुणाचे पाय धरायचे ते तुमचं तुम्ही बघा. ही फट बुजवणारा कायदा २००० साली आला. दहा वर्षं! ती बुजवली कुणी? तज्ज्ञांनी अहवाल लिहून नव्हे, रुग्ण बायकांनी आणि त्यांच्या संघटनांनी मागे लागून लागून. अहवालात 'पाठवणी', म्हणजे पुढच्या उपचाराला कुठे पाठवलं, असा एक रकाना असतो. तो भरला की काम झालं. त्या रकान्यानंतर बाई कुठे जाते हे तिथे गेलेल्या बाईलाच ठाऊक असतं.

माझं म्हणणं एवढंच की जाताय तर एकच सुटीसुटी मागणी घेऊन जाऊ नका. तपासणी मागाल तर त्याच कागदावर निदान, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, जाण्या-येण्याचा खर्च, आणि बरं होणं शक्य नसेल तर वेदनाशमन, हे सगळं मागा. वेदनाशमन कुणी मागतच नाही, ते मागताना आपण हरलो असं वाटतं म्हणून. भारतात १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन या वेदनाशामक औषधाचे परवाने इतके किचकट झाले की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. औषध स्वस्त, डॉक्टर तयार, आडवा आला तो कायदा. तो संसदेने २०१४ मध्ये बदलला, तोही वेदनाशमनाचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. मोजपट्टी, इथे तुमची समिती काय करणार होती?

मोजपट्टी

मॉर्फिनचा मुद्दा मान्य. कायद्यानेच केलेली अडचण कायदेमंडळानेच काढायची, दुसरं कोण काढणार? माझा विरोध कुठलं औषध, कुठलं वय, किती वेळा हे सभागृहात ठरवण्याला आहे.

अर्धविराम

एक नावडता प्रश्न. या शिष्टमंडळांचा चहापाण्याचा खर्च कोण करतं? अनेक देशांत रुग्ण संघटनांना औषध कंपन्यांचा पैसा असतो, हे काही गुपित नाही. रुग्ण प्रामाणिक असतो, त्याच्या हातातलं निवेदन कुणी टाइप केलंय ते बघा. रानजाई म्हणतात प्रतिबंधाला वाली नाही. मग कंपनीच्या पैशावर चालणारा गट तंबाखूवरच्या करासाठी किती भांडेल आणि नव्या इंजेक्शनसाठी किती, हे सांगायला ज्योतिषी नको.

रानजाई

आमच्या गटाला कुणाचा पैसा नाही, वर्गणी आहे. पण प्रश्न रास्त आहे, निवेदनाच्या डोक्यावरच 'खर्च कुणी केला' ते लिहायचं असं मी गटात मांडते.

कोरा कागद

सगळे असं गृहीत धरून बोलतायत की दबाव फक्त आपल्याकडूनच येतो. जपानचं बघा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस एप्रिल २०१३ मध्ये नियमित कार्यक्रमात आली आणि जूनमध्ये सरकारने तिची सक्रिय शिफारस थांबवली. दुष्परिणामांच्या बातम्या, पालकांचा रोष, आणि नेत्यांनी कच खाल्ली. लसीकरण ७० टक्क्यांच्या आसपास होतं ते एक टक्क्याच्या खाली गेलं. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आवाज त्या पालकांचाही होता, आणि तोही कळकळीचाच.

उलट रवांडासारख्या गरीब देशाने २०११ मध्ये हीच लस शाळाशाळांतून दिली आणि ९० टक्क्यांच्या वर मुलींपर्यंत पोहोचवली. सुरुवातीला लस कंपनीने दान दिली होती (अर्धविराम, तुमच्यासाठी कंस). पण शाळा, आरोग्यसेविका, गावपातळीवरचे कार्यकर्ते हे सगळं हललं ते सत्तेवरच्या लोकांनी मनावर घेतलं म्हणून. माझ्या मते लोकप्रतिनिधींना भेटायचं ते नवं काही मागण्यापेक्षा जे ठरलंय त्यावरून त्यांनी पळून जाऊ नये म्हणून. घाबरलेल्या नेत्याला पाठीमागे कुणीतरी उभं असलेलं दिसावं लागतं.

तळटीप

हे पटण्यासारखं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०३०ची उद्दिष्टं लिहिलेली आहेतच: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत चांगल्या प्रतीची तपासणी, आजार सापडलेल्या ९० टक्के बायकांवर उपचार. तज्ज्ञांनी ठरवलेलं, साखळीही पूर्ण. लोकप्रतिनिधींना एवढंच विचारायचं की यातलं किती झालं, आणि उरलेल्याला पैसे कुठल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ठेवताय.

शेवटचा बाक

चालेल. पण त्या तिन्ही आकड्यांत वेदनाशमन कुठे आहे?

मोजपट्टी

ते नाही, आणि बाकीचे कर्करोगही नाहीत. पण फक्त या तिन्हींचा जाब विचारणार असाल तर मी सही करतो. चौथी मागणी म्हणून एखाद्या औषधाचं नाव घुसलं की माझी सही खोडा.

रानजाई

औषधाचं नाव येणार नाही. मॉर्फिनचं येईल. आता बोला.