भाकीत खोटं ठरल्यावरही ‘संदेष्टा’ कसा?

मीखायाचा वाचक
“देवाने मला सांगितलं” म्हणून कोणी भाकीत करतो. ते फसतं. महिन्याभरात तोच माणूस नवं भाकीत घेऊन उभा राहतो आणि लोक पुन्हा “आमेन” म्हणतात. शंका काढली की बायबलमधलं स्तोत्र १०५ तोंडावर फेकतात: “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.” संदर्भ तर वाचा! परक्या मुलखात फिरणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोबाला राजांनी छळू नये म्हणून ते सांगितलंय. उपदेशकाला प्रश्न विचारू नका असं तिथे कुठे आहे? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (१८:२२) स्पष्ट आहे: बोललेलं घडलं नाही, तर ते वचन परमेश्वराचं नव्हे.

गव्हाचं शेत
मग योना संदेष्ट्याचं काय? “चाळीस दिवसांत निनवे उलथेल” म्हणाला, ते शहर जसंच्या तसं राहिलं. तोही खोटा? गव्हातलं निदण उपटू नका, कापणीपर्यंत थांबा, हा दाखला येशूचाच आहे. पौलही बजावतो, संदेशांचा धिक्कार करू नका (१ थेस्सल. ५:२०).

मीखायाचा वाचक
पुढचीच ओळ का सोडलीत? “सर्व गोष्टींची पारख करा.” आणि निनवे वाचलं ते लोकांनी पश्चात्ताप केला म्हणून. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय १८) हा नियम सरळ लिहिलाय. आजची भाकितं कोणाला पश्चात्ताप करायला लावतात? बढती, परदेश, पैसा, एवढंच.

जुना करार प्रेमी
यिर्मयाचा २८ वा अध्याय सगळ्यांनी वाचावा. मानेवर लाकडी जू घेऊन तो सांगत होता की बाबेलची सत्ता सोसावी लागेल. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने सगळ्यांदेखत ते जू मोडलं आणि म्हणाला, बाबेलला नेलेली मंदिराची पात्रं दोन वर्षांत परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं! यिर्मया आधी “आमेन, परमेश्वर असंच करो” म्हणाला, मग निघून गेला. परत आला तो लोखंडी जुवाचं वचन घेऊन. हनन्या त्याच वर्षी मेला. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की गोड वचनाची पारख जास्त कडक हवी.

साधा विश्वासू
पण चूक झाली म्हणजे माणूस लगेच मेंढराच्या वेषातला लांडगा, म्हणजे खोटा संदेष्टा होतो का? अमेरिकन रेडिओ-उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंगने न्यायाच्या दिवसाची २१ मे २०११ ही तारीख दिली, ती फसली. पुढच्या वर्षी त्याने जाहीर पत्रात चूक मान्य केली.

मीखायाचा वाचक
मान्य केली, हे चांगलंच. पण मे फसल्यावर आधी त्याने ऑक्टोबरची तारीख दिली होती, हेही सांगा. “त्या दिवसाविषयी कोणालाही ठाऊक नाही” (मत्तय २४:३६) हे वाचूनही तारखा दिल्या. भुर्दंड पडला तो काम सोडून, बचत मोडून बसलेल्यांना.

गव्हाचं शेत
तारखांबद्दल वाद नाही. माझी भीती वेगळी आहे: पारख करणार कोण? इस्राएलचा राजा अहाब याच्यासमोर चारशे संदेष्टे “चढाई कर, जय तुझाच” म्हणत होते, मीखाया एकटा उलट बोलला. मतं मोजली असती तर खोटा तोच ठरला असता. तुरुंगात टाकलाच की त्याला.

मीखायाचा वाचक
म्हणूनच मी हे नाव घेतलंय. तुरुंगात नेत असताना तो राजाला म्हणाला, तू सुखरूप परतलास तर परमेश्वर माझ्याद्वारे बोललाच नाही. कसोटी त्याने स्वतःच लोकांच्या हातात दिली. आजच्या भाकीतकारांनी एवढं करावं, मी दुसरं काही मागत नाही.

गव्हाचं शेत
हे मान्य. पण कसोटीला उतरलेल्याचंही डोळे झाकून ऐकू नका. चिन्ह खरं ठरलं तरी दुसऱ्या देवांमागे नेणाऱ्याचं ऐकू नका, हे अनुवाद १३ मध्येच आहे.