लहान खोलीला दीड टन? हे पटत नाही

निशाचर:
काल 'सातवा मजला' यांनी लिहिलं की विंडो एसी आता भंगारात काढायची वस्तू आहे, डोळे झाकून स्प्लिट इन्व्हर्टर घ्यावा आणि 'कोणतीही खोली' असो, अगदी दहा बाय दहाची असली तरी दीड टनाचाच घ्यावा, कारण 'जास्तीचं कधी वाया जात नाही'. या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. जातं वाया, आणि सोबत झोपही जाते.

एसी हवा गार करतो आणि हवेतलं पाणीही काढतो. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी आपली पहिली यंत्रणा आखली तीच एका छापखान्यासाठी, कारण दमट हवेने कागद फुगत-आकसत होता. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पाणी निथळायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते, तो वेळच मिळत नाही. आकडा २४ दाखवतो आणि चादर दमट लागते. मी अशा खोलीत तीन उन्हाळे काढलेत.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची ताकद. तुमच्या खोलीत तेवढी उष्णता येते तरी का, ते आधी बघा. वर गच्ची आहे का, पश्चिमेची भिंत तापते का, काच किती, माणसं किती. नुसत्या चौरस फुटांवर टन ठरत नाही.

सातवा मजला:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी इन्व्हर्टर म्हटलं होतं. त्याचा कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू होत नाही, वेग कमी करतो. तुमचे तीन उन्हाळे जुन्या मशीनचे असणार.
आमच्या डोक्यावर थेट गच्ची आहे. आधी एक टनाचा होता. रात्री अकरापर्यंत खोली तापलेलीच, आणि वडिलांना दमा. त्या रात्री मी काढल्यात, तुम्ही नाही.

निशाचर:
वेगालाही खालची मर्यादा असते. त्याखाली इन्व्हर्टरही बंद-चालूच होतो. आणि अगदी हळू चालताना कॉइल तेवढी गार राहत नाही, म्हणजे पाणी पुन्हा कमीच निघतं. गच्चीखालच्या खोलीला दीड टन योग्य, हे मान्य. पण तुम्ही 'कोणतीही खोली' लिहिलं होतंत.

तांब्याची नळी:
टनावरून भांडताय, पण गॅसचं कोणी बोलत नाही. माझ्या स्प्लिटमध्ये चार वर्षांत तीनदा गॅस भरला. दरवेळी तेच उत्तर, 'संपलाय'. गॅस संपतोच कसा? बंद नळीत फिरतोय, जळत नाहीये. कमी झाला म्हणजे गळती आहे. ती न शोधता भरायचा म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतायचं. तिसऱ्या वेळी मी साबणाचं पाणी आणून जोडावर लावलं, फेस आला. नट नीट आवळलेलाच नव्हता!

पहाटवारा:
दरवर्षी थोडा भरावाच लागतो. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हिसिंगला भरतात.

तांब्याची नळी:
म्हणजे तुम्हाला दरवर्षी फसवतात. कॉइलवर बर्फ धरला की लगेच गॅस कमी म्हणतात. फिल्टर घाणीने तुंबला तरी बर्फ धरतो. आधी फिल्टर धुवा. ही सगळी जमात एकाच माळेचे मणी.

गेजवाला:
जमात? वीस वर्षं हेच काम करतोय. उन्हात कठड्याबाहेर लटकून आउटडोअर बसवलेत. चोर कोणाला म्हणता?
गॅस आपोआप संपत नाही, हे बरोबर. पण लोकांना एसी तासाभरात चालू हवा असतो. मी नळीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावून थांबलो की 'अजून किती वेळ' सुरू होतं. नळीत हवा आणि ओलावा राहिला की पुढे कॉम्प्रेसर मरतो. मी तरी थांबतो. न थांबणारे आहेत, तेही मला माहीत आहेत.

तांब्याची नळी:
जमात हा शब्द मागे घेतो. नटाबद्दलची तक्रार नाही.

गेजवाला:
घेऊही नका. आणि विंडोला भंगार म्हणणाऱ्यांनी ऐका: त्यात कारखान्यातच नळ्या डाख देऊन बंद केलेल्या असतात, घरी एकही जोड उघडावा लागत नाही. आवाज करतो, खिडकी खातो, खरंय. पण दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्याला मी तोच सांगतो. स्प्लिट हलवला की जोड पुन्हा उघडतात, गळतीची शक्यता पुन्हा आलीच.

पहाटवारा:
माझी खिडकी सरकती आहे, विंडो बसणार नाही. भिंत फोडायला घरमालक परवानगी देत नाहीत. पोर्टेबल चालेल का?

निशाचर:
दुसरा मार्गच नसेल तर. एका नळीचा असेल तर तो खोलीचीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटीतून आत ओढतो. दोन नळ्यांचा मिळाला तर तो बघा.

सातवा मजला:
'कोणतीही खोली' हे शब्द मी काढतो. 'भंगार' काढणार नाही. वडिलांच्या उशाशी विंडोचा तो आवाज रात्रभर नको.

गेजवाला:
उशाशी नकोच. फक्त बसवणाऱ्याला व्हॅक्यूम किती वेळ करणार ते आधी विचारा, आणि तेवढा वेळ त्याला द्या.