सिव्हिलला जाणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप सुचवा, बजेट ५५ हजार

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मुलीला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) लगेच लागेल, पुढे रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं). बजेट ५५ हजार, फार ताणलं तर ६०.

दुकानात आय-सेव्हन प्रोसेसरचा स्टिकर पुढे करतात, पण रॅम ८ जीबी, तीही मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. माझ्या मते आय-फाइव्ह किंवा रायझन ५ चालेल, पण रॅम १६ जीबी आणि एसएसडी ५१२ जीबी हवीच. रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मॅकबुकचा विचार सोडलाय.

अडलंय ते ग्राफिक्स कार्डापाशी. वेगळं कार्ड असलेले गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचे, त्यात तो विटेएवढा चार्जर. पोरगी रोज इस्लामपूरहून एसटीने कोल्हापूरला जाणार, तेही उभ्यानं. बॅटरीही लवकर उतरते म्हणतात.

कुणाची मुलं सिव्हिलला आहेत का? पहिली दोन वर्षं वेगळ्या कार्डाशिवाय निभतं का? रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) थिंकपॅड लॅपटॉप कुणी वापरलाय का? आणि कोल्हापूर-सांगलीत कुठल्या कंपनीची सर्व्हिस खरंच चांगली आहे, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात घ्यायचाय.