एचिंगच्या काचेवर पांढरी अक्षरं, रेडियम कुठलं घेऊ?

सातपूरचा_कटर
मंडळी, गंगापूर रोडला दातांच्या दवाखान्याचं काम आलंय. कॅबिनची १२ एमएमची काच, पूर्ण ॲसिड एचिंग (ॲसिडने एक बाजू खरखरीत, दुधी केलेली), त्यावर बाहेरच्या बाजूने पांढरा लोगो आणि खाली वेळ वगैरे बारीक अक्षरात. नेहमीचं पांढरं रेडियम (मागे गोंद असलेली विनाइल शीट) कापून सॅम्पल लावलं तर कॅबिनमधली लाइट लागली की पॅसेजमधून अक्षरं चक्क मळकी करडी दिसतात, डॉक्टर म्हणतात पांढरं म्हणजे पांढरंच हवं. डबल लेयर मारू, का कास्ट (पातळ, मऊ प्रकारचं रेडियम) घेऊ, का प्रिंट करून आणू?

काचवाला_काका
आधी खरखरीत बाजू कुठली ते बघा. ओलं बोट लावा, जिथे पाण्याने काच आरपार दिसायला लागते ती एचिंगची बाजू. तिथे साधं कॅलेंडर्ड (रोलरमध्ये दाबून केलेलं, जरा जाड) रेडियम धरत नाही आणि साबणपाणी मारून लावलंत तर पाणी आतच राहतं. माझ्या एका कामात पंधरा दिवसांत 'र'ची शेपटी उचलली आणि उरलेलं पुसणाऱ्या मावशींच्या फडक्यात आलं! गुळगुळीत बाजूलाच लावा.

पंचवटी_साइन्स
काका, गुळगुळीत बाजू आत असली तर? एचिंगला टेकलेलं स्पष्ट दिसतं, १२ एमएम मागे गेलं की पसरतं. पलीकडून पंजा टेकवून बघा. लोगो चालेल, वेळ कुणाला वाचता येणार नाही (आणि आतून लावताना मिरर करायचं विसरू नका, मी विसरलोय एकदा). खरखरीत बाजूच बाहेर असेल तर कास्ट घ्या, पातळ असतं, कोरडंच लावा, वरून हलकी हीट गन.

आणि करड्याचं म्हणाल तर रेडियमची चूकच नाही. मागून उजेड आला की काच उजळते आणि अक्षर तो उजेड अडवतं, मग ते काळंच दिसणार, डबल लेयरने अजून काळं. ग्रे बॅकवालं (मागचा थर करडा, उजेड अडवणारं) पांढरं समोरून उजेड असेल तिथे भारी. प्रिंटचं म्हणाल तर रेडियमवर छापणाऱ्या बऱ्याच इको सॉल्व्हंट मशिनमध्ये पांढरी शाईच नसते, यूव्ही फ्लॅटबेडवर (सपाट टेबलवर काच ठेवून थेट छापणारं मशिन) होईल पण बसवलेली काच उतरवून नेणार का?

सातपूरचा_कटर
बोट लावून बघितलं, खरखरीत बाजू आतच आहे, सुटलो. आता त्याच जागी साधा ए४ कागद चिकटवून संध्याकाळी डॉक्टरांना दाखवतो, कागदसुद्धा करडा दिसला की पटेल. मग पॅसेजमध्ये एक स्पॉटलाइट नाहीतर गडद निळी अक्षरं, काय ते त्यांनीच ठरवावं.