रॉक गार्डन बघायला नक्की कधी जावं?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी एका सार्वजनिक बागेतलं रॉक गार्डन (दगड-खडीत डोंगरावरची झाडं लावलेला भाग) बघायला गेले होते, फोटोंमध्ये फुलांचे नुसते गालिचे दिसत होते म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून गेले, आणि तिथे बघते तर दगड, खडी आणि मध्ये मध्ये हिरव्या-करड्या उशांसारखं काहीतरी. फुलं अगदी मोजकी. सीझन चुकला का माझा? परत जायचंय, पण एकदाच जमणार असेल तर कधी जाऊ?

मातीचे हात:
हो, सीझनच चुकला. यातली बरीचशी झाडं मूळची उंच डोंगरावरची, तिथे बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेमतेम दोन-तीन महिने मिळतात, त्यामुळे बर्फ हटला की आधी फुलून घ्यायचं आणि बाकीचं सगळं मागाहून. सखल भागातल्या बागेत वसंत लवकर येतो, मग ती तिथे आणखीच लवकर फुलतात आणि भर उन्हाळ्यात त्यांचं सगळं आटपलेलं असतं. एकदाच जाणार असाल तर वसंताच्या मध्यावर जा, पल्सॅटिला, प्रिम्युला, सॅक्सिफ्रेज अशी डोंगरी फुलं, झालंच तर जेन्शियनच्या निळ्याशार तुताऱ्या, बरंच काही एकदम सापडेल. फक्त दिवस उन्हाचा बघा हं, जेन्शियन ढगाळ हवेत फुलं मिटून बसतं आणि मग तुम्ही परत नाराज होऊन याल.

कपार:
वरचं सगळं बरोबर आहे, पण मला मनापासून वाटतं की एकदाच जाऊच नका. मी कित्येक वर्षं एकाच रॉक गार्डनला जातोय आणि दर वेळी त्याच एका मोठ्या दगडापाशी थांबतो. त्याच्या उन्हाकडच्या बाजूला पल्सॅटिलाची फुलं सरून चंदेरी पिसांसारखे तुरे आलेले असतात आणि मागे सावलीत तेच झाड अजून कळ्यांत असतं, म्हणजे चार पावलं चाललं की ऋतू मागे जातो! दगड नुसते शोभेला नसतात, ते उतारात बरेच खोल गाडलेले असतात, त्यांच्याखाली ओल आणि गारवा टिकतो आणि मुळं तिकडे धाव घेतात. वरची खडीसुद्धा झाडाचं खोड आणि पानं ओल्या मातीपासून लांब ठेवायला असते.

आणि त्या 'उशा' म्हणालात ना, पुढच्या वेळी त्यांच्यासमोर उकिडवं बसून बघा. शेकडो बारके पानांचे गुच्छ एकमेकांना इतके चिकटलेले असतात की वारा वरूनच निघून जातो आणि आत ऊब राहते. सॅक्सिफ्रेजच्या काही जातींत पानाच्या कडेने पांढरे ठिपके दिसतील, कुणी खडूने टिंबं दिल्यासारखे. तो चुना आहे, मुळांनी शोषलेल्या पाण्यातून आलेला, पाणी उडून गेलं की कडेला साठतो. फुलं नसली तरी हे बाराही महिने बघायला मिळतं.

हिमकण:
हिवाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, मला तर तेव्हाच सगळ्यात जास्त आवडतं. बर्फ पडलं की लोकांना झाडांची काळजी वाटते पण जाड बर्फ त्यांच्यासाठी पांघरूणच असतं, खरा घात करतो तो थंडीतला सततचा पाऊस, केसाळ पानांत पाणी साचून ती कुजतात. म्हणून काही बागांत नाजूक झाडांवर काचेचं तावदान तिरकं बसवलेलं दिसेल, बाजूंनी वारा मोकळा. सेम्परव्हायव्हम म्हणून जाड पानांचं एक झाड असतं, त्याचे काही गुच्छ थंडीत लालबुंद होतात. आणि झाडोरा विरळ झाला की दगड कसे रचलेत ते दिसतं, त्यांचे थर एकाच दिशेला कललेले असले की खरा डोंगर वर आल्यासारखा वाटतो. लंडनमधल्या क्यूच्या बागेतलं रॉक गार्डन १८८२ साली पिरेनीज या फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या डोंगररांगेतल्या दरीसारखं दिसावं म्हणूनच रचलं होतं.

शरदातही जा! कोल्चिकम पानांशिवाय नुसतीच फुलं जमिनीतून वर काढतं, पानं येतात थेट वसंतात. सायक्लॅमेनची फुलं गळल्यावर देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फळाला खाली जमिनीवर आणतो, पुढे बी पिकली की तिच्यावरच्या गोड भागासाठी मुंग्या ती उचलून नेतात.

पाऊलवाट:
किती छान लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार!! आता वसंतात तर जाईनच, पण शरदातली ती स्प्रिंग बघितल्याशिवाय राहवणार नाही. एकच विचारायचंय, इतकं जवळून बघायचं तर खडीवर पाय ठेवला तर चालतं का?

मातीचे हात:
अजिबात नको. त्या खडीतच बिया पडून नवी रोपं येत असतात, टाचणीच्या डोक्याएवढी, पायाखाली कधी गेली ते कळणारही नाही. वाटेच्या कडेला लागून भरपूर झाडं असतात ती आधी बघा, आणि लांबच्यांसाठी जवळचं फोकस होणारी दुर्बीण न्या.