"सही कर" म्हणाले तेव्हा तुम्ही कोणाला विचारलंत? (अनुभव धागा)

वितळलेलं_लोखंड
काल माळा आवरताना जुन्या डब्यात एक तुकडा सापडला. नाण्याएवढं लोखंड, एक बाजू आरशासारखी पॉलिश केलेली (आता गंजलीय), मागे पांढऱ्या पेंटने हीट नंबर (भट्टीतला कुठला रस ते सांगणारा). बायको म्हणाली भंगारात टाकू का, मी म्हटलं थांब.

१९९८ सालची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला होतो, लग्न नुकतंच झालेलं. एसजी आयर्नचं काम. रसात मॅग्नेशियम घातलं की आतलं ग्राफाइट गोल होतं, मायक्रोस्कोपखाली शाईचे थेंब सांडल्यासारखं दिसतं, त्यानेच लोखंडाला चिवटपणा येतो. पण मॅग्नेशियम घातल्यावर दहाएक मिनिटांत ओतून मोकळं व्हायला लागतं, नाहीतर त्याचा असर उतरतो. त्या दिवशी लाइट गेली, क्रेन जागेवर अडकली, रसाचं भांडं (लॅडल) लटकत राहिलं, आणि जनरेटर चालू झाल्यावर तसंच ओतलं. नमुना (हाच तुकडा) बघितला तर निम्मे थेंब गोल आणि बाकीचे अळ्यांसारखे लांबडे. नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल थेंबांचं प्रमाण, ८५ टक्क्यांच्या वर पाहिजे होती, ही ६० पण नव्हती. माल स्टीअरिंगचा. गेटवर टेम्पो हॉर्न मारतोय, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन, लाइन बंद पडेल म्हणून. मॅनेजर म्हणाले ८८ टाक आणि सही कर, वरनं बघून कुणाला कळतंय. मी टाकलं. सही केली. टेम्पो गेला.

रात्री जेवण गेलं नाही. बायकोने एवढंच विचारलं, तो पार्ट गाडीत कुठं बसतो? मी सांगितलं आणि ती काही बोलली नाही. पहाटे सायकल काढून मालकांच्या घरी गेलो, ते दात घासत होते, तिथंच सगळं सांगितलं. त्यांनी पुण्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला एसटीडी लावली आणि माल उतरायच्या आत परत फिरवला.

मला स्वतःहून सुचलं नव्हतं हो. तिने विचारलं म्हणून झालं. म्हणून तुम्हाला विचारतोय, अशा वेळी तुम्ही कोणाला विचारलंत? लिहा, जसं आठवेल तसं.

पन्हाळ्याचा_धुकं
शिरोली म्हणजे कुठल्या गल्लीत? आमचे वडील पण फौंड्रीतच होते, कपोला (कोकवर चालणारी भट्टी) होता तेव्हा. घरी आले की शर्टाला जळक्या कोकचा वास. काय आठवण काढलीस भावा.

खातेवही
मी सीएच्या आर्टिकलशिपला (ऑडिट ऑफिसात शिकाऊ) असताना. क्लायंटच्या पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसतोय पण चलनं सात महिन्यांची नाहीतच. दर महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा हा कंपनीचा नसतोच मुळात. अकाउंटंट काका म्हणाले, ताई, दिवाळीनंतर भरणार आहेत, तोवर लिहू नका, तुम्हाला फराळ पाठवतो. काका वाईट नव्हते हं, त्यांचा स्वतःचा पीएफ पण त्यातच अडकलेला! मी आमच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, काय दिसलं ते लिही, काय होणार आहे ते त्यांना लिहू दे. रिपोर्टमध्ये महिनावार आकडे लिहिले. पुढच्या वर्षी ते क्लायंट दुसरीकडे गेले, आणि ऑफिसचं बऱ्यापैकी उत्पन्न त्यांच्याकडून होतं.
सरांचं हे कुठून आलं ते सांगते. २००९ च्या ७ जानेवारीला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांचं पत्र बाहेर आलं, बॅलन्सशीटमधली ५,०४० कोटींची कॅश आणि बँक शिल्लक नव्हतीच म्हणून. सर तेव्हापासून बँकेचं कन्फर्मेशन क्लायंटच्या हातून कधीच घेत नाहीत, थेट बँकेकडूनच मागवतात, गाव केवढंही लहान असू दे आणि मॅनेजर ओळखीचा असू दे.

मीनल_सातारा
पहिला अनुभव वाचता वाचता दूध उतू गेलं. वहिनींना नमस्कार सांगा.

वितळलेलं_लोखंड
सांगितला. लाजली.

बॅगवाला_एमआर
आमच्याकडे विचारायला कोण असणार, सगळे त्याच बोटीत. टार्गेट नाही झालं की एरिया मॅनेजर म्हणायचे डॉक्टरांना "कव्हर" कर. एसी, फ्रिज, एकदा मुलीच्या लग्नाचा मांडव. मी स्वतःच्या हाताने दिलंय, खोटं कशाला बोलू. माझ्याच आईला त्यातल्या एका डॉक्टरांनी आमचंच महागडं औषध लिहिलं, स्वस्तातलं चालत असताना, त्या दिवशी पोटात खड्डा पडला. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला टॅक्समधून वजा करता येणार नाही, तोपर्यंत मी लाइन सोडली होती. आता मेडिकल दुकान आहे, रात्री अकराला बंद करतो, झोप लागते.

तिसरी_शिफ्ट
आईंची तब्येत कशी आहे आता?

बॅगवाला_एमआर
बरी आहे ताई, शुगर कंट्रोलमध्ये. थँक्यू.

एचआरवाली
हे कुठेच बोलले नाहीये. कमी करायच्या लोकांची यादी आली, त्यात एक मुलगी सहा महिन्यांची गरोदर. तिला तसं काढता येत नाही म्हणून मला सांगितलं, तिच्या नावाने परफॉर्मन्सच्या दोन वॉर्निंग बनव, मागच्या तारखेच्या. मेल तर मागच्या तारखेचा होत नाही, मग कागदावर पत्र करून फाइलला लाव म्हणे. माझ्या घराचा हप्ता चालू, नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली. घरी सासऱ्यांना सांगितलं, ते एसटीत कंडक्टर होते ३१ वर्षं. ते म्हणाले आमच्यात सोपं होतं, ट्रिप संपली की वेबिल भरायचं, तिकिटं आणि पैसे जुळले पाहिजेत. मधल्या स्टॉपवर चेकर चढला आणि आपण घाईघाईने मागचं भरायला लागलो की समजायचं, आपण चोर झालो. मागचं भरायचं नाही बघ.
दुसऱ्या दिवशी मी फक्त एवढं म्हटलं की हे मला मेलवर लिहून द्या, मी करते. कोणी लिहून दिलं नाही. यादी बदलली. तिला मुलगा झाला, तिला यातलं काहीच माहीत नाही. त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट झालं नाही.

खातेवही
"लिहून द्या" हे सोन्यासारखं आहे ताई. मिठी तुम्हाला.

साइटवरचा_माणूस
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण मला थोडं वेगळं वाटतं. रस्त्याच्या कामावर आहे २० वर्षं. महामार्ग प्राधिकरणाचे इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातली लबाडी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली, नाव गुप्त ठेवा म्हणून सांगूनही पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं, २००३ च्या नोव्हेंबरात गयेत त्यांना गोळ्या घातल्या. दोनच वर्षांनी लखीमपूर खिरीत इंडियन ऑइलच्या मंजुनाथ षण्मुगमला मारलं, भेसळीचा पेट्रोल पंप सील केला म्हणून. दोघेही तिशीच्या आसपासची पोरं. मालक दात घासता घासता ऐकून घेणारे असतील तर माणूस सायकल काढतो. माझ्या साइटवर डांबराची जाडी कमी भरते हे मी सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं त्याचीच टक्केवारी ठरलेली. मी काय करतो तर माझ्या डायरीत खरा आकडा लिहून ठेवतो. तेवढंच करतो. यापुढे कोणी हिंमत शिकवू नका, बायको-पोरं आहेत.

वितळलेलं_लोखंड
तुमचं म्हणणं मनाला लागलं साहेब. मालक तसे नसते तर मी दुसऱ्यांदा सायकल काढली असती का, खात्रीने नाही सांगू शकत. डायरी मात्र सोडू नका.

तिसरी_शिफ्ट
लाच देणाऱ्यालाही २०१८ पासून शिक्षा आहे, आणि जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं की देणारा सुटतो, हे छोट्या वर्कशॉपवाल्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला पण घरच्या वर्कशॉपसाठी फॅक्टरीचं लायसन काढताना पैसे दिल्यावर दोन वर्षांनी कळलं.

नवीन_ट्रेनी
नमस्कार सगळ्यांना. मी नेहमी वाचतो फक्त. मी औषधाच्या कंपनीत आहे, आठ महिने झाले. उद्या ऑडिट आहे आणि बॅलन्सच्या (वजनकाट्याच्या) रोजच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे तो बरोबर दाखवतो का या तपासणीचे, १४ दिवसांचे रेकॉर्ड रिकामे आहेत, ज्याचं काम होतं तो सोडून गेला. मला सांगितलंय आज रात्री बसून भर, वेगवेगळ्या पेनने. घरी वडील शेतकरी, त्यांना काय विचारू. प्लीज कोणीतरी सांगा, आता साडेनऊ झालेत.

एचआरवाली
नको करूस बाळा. थांब, इथे कोणी फार्मावाले आहेत का?

तिसरी_शिफ्ट
आहे मी, औषध कंपनीत क्यूएमध्ये (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) १२ वर्षं. नीट ऐक. जे केलंच नाही ते आकडे भरायचे नाहीत, कुठल्याच पेनने नाही. त्या १४ ओळी रिकाम्याच राहू देत. आज रात्री बॅलन्स कॅलिब्रेट कर, आजची तारीख, आत्ताची वेळ, तुझी सही. मग डेव्हिएशन (ठरल्याप्रमाणे झालं नाही त्याची नोंद) उघड, "अमुक ते अमुक तारखेला नोंद झालेली नाही" असं साधं लिही, त्या दिवसांत त्या बॅलन्सवर कुठल्या बॅचची वजनं झाली त्याची यादी जोड. आणि वडिलांना फोन करच. बॅलन्सबद्दल काही नको सांगूस, नुसतं बोल.

पन्हाळ्याचा_धुकं
काय झालं रे पोरा? कळव.

मीनल_सातारा
सकाळपासून तीनदा येऊन बघून गेले.

नवीन_ट्रेनी
सॉरी, आत्ता घरी आलो. ताईंनी सांगितलं तसंच केलं, सव्वाबारा वाजले रात्री. सर चिडले, म्हणाले तुला अक्कल नाही, पण डेव्हिएशनवर त्यांनी सही केली. ऑडिटरने तेच पान उघडलं सगळ्यात आधी. बराच वेळ वाचलं, मग म्हणाले हे कोणी लिहिलं, मी हात वर केला. एक ऑब्झर्व्हेशन (त्रुटीचा शेरा) मिळालंय कंपनीला. माझं पुढे काय ते सोमवारी कळेल. वडिलांना फोन केला होता, म्हणाले पाऊस चांगला झालाय.

एचआरवाली
जेवलास का?

नवीन_ट्रेनी
नाही अजून. भात लावलाय.