मदत हवी आहे: चुलत्यांच्या तुरीच्या वाणाची नोंदणी कुणाच्या नावाने करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही केज तालुक्यातले, जिल्हा बीड. बारा-तेरा वर्षांमागे मर लागून आमचं तुरीचं निम्मं रान वाळलं, पण बांधालगतची चार झाडं हिरवीगार उभी राहिली. चुलत्यांनी (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) त्या झाडांच्या शेंगा वेगळ्या खुडल्या, बी राखेत घालून ठेवलं. पुढे दरसाल तेच पेरायचं आणि वेगळं दिसेल ते झाड फुलोऱ्याआधी उपटायचं. आता निम्मं गाव ती तूर पेरतं. पैसे घेऊन बी कधी दिलं नाही, सवाईने दिलं: पायली न्या, सुगीला सव्वा पायली आणून द्या.

गेल्या महिन्यात एका बियाणे कंपनीचा माणूस आला नि 'ट्रायलला' दहा किलो मागू लागला. अण्णा लगेच पोतं सोडायला उठले (स्वभावच तसा). मीच थांबवलं. एचएमटी तांदूळ शोधणाऱ्या दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट डोळ्यांसमोर आली: वाण त्यांचा, श्रेय मात्र दुसऱ्यांनी घेतलं.

२००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा चाळला. बी राखणं, पेरणं, वाटणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क कलम ३९ मध्ये आहे. नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. इथवर ठीक.

अडलंय ते असं. अण्णा म्हणतात, "बी माझं एकट्याचं कुठंय?" शेजारच्या दोन घरांनीही निवड केलीय, मग अर्ज कुणाचा? गावभर पसरलेलं बी 'नवीन' धरतील का? आणि सरकार या कायद्यात दुरुस्ती करणार म्हणतंय, शिवाय नवीन बियाणे विधेयकही आहे. थांबावं की आत्ताच अर्ज टाकावा?

प्रतिसाद:
थांबू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा आला तो १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी, विक्रीच्या बियाण्याच्या दर्जासाठी. वाणाच्या मालकीचा कायदा वेगळा, तो २००१ चाच. शेतकरी वाणाला नावीन्याची अट नाही. वेगळेपणा (इतर वाणांहून), एकसारखेपणा (सगळी झाडं सारखी) आणि स्थैर्य (दरसाल तेच गुण) मात्र दाखवावं लागतं. तुमची खरी अडचण एकसारखेपणाची. तुरीच्या फुलावर मधमाशा येतात, शेजारच्या रानातला पराग मिसळतो. यंदा बियाण्याचा तुकडा इतर तुरींपासून लांब घ्या.

अर्ज शेतकऱ्यांच्या गटालाही करता येतो, म्हणजे तिन्ही घरांची नावं घाला, भांडण मिटलं. शेतकऱ्याला फी नाही. अर्जावर जैवविविधता समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची सही लागते. तुरीसारख्या पिकाला संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं मिळतं. अर्ज टाकण्याआधी बदनापूरच्या (जि. जालना) कृषी संशोधन केंद्रात शेंगा दाखवून या, तुरीवर तिथं जुनं काम आहे. आणि त्या कंपनीच्या माणसाला लेखी करार झाल्याशिवाय एक दाणाही देऊ नका.